कोल्हापूर–गगनबावडा रस्ता: कुठं थांबायचं, काय घ्यायचं, काय सोडायचं

कोल्हापूरहून कोकणात उतरायला घाट बरेच आहेत. रत्नागिरीवाले आंबा घाट धरतात, गोव्याकडचे फोंडा नाहीतर आंबोली. गगनबावड्याचा रस्ता धरणारा बहुतेक वेळा वैभववाडी-तळेऱ्याला कामानिमित्त निघालेला असतो, त्यामुळे या वाटेवर पर्यटकांसाठी मांडलेली दुकानं अजून कमी आहेत. रंकाळा, फुलेवाडी, बालिंगा, कुडित्रे, कळे, साळवण, असळज आणि गगनबावडा, असं साधारण ५५ किलोमीटर अंतर. सरळ गेलात तर दीड तास. थांबत गेलात तर अर्धा दिवस, आणि हा रस्ता थांबत जाण्याचाच आहे.

इथल्या थांब्यांची पारख करायला एक साधी कसोटी पुरते: विकायला ठेवलेली वस्तू तिथंच तयार होते, की टेम्पोतून येते? पाटी कितीही मोठी असो, याचं उत्तर 'टेम्पोतून' असेल तर गाडी पुढं घ्या. तीच वस्तू शहरात जास्त चोखंदळपणे आणि बऱ्याचदा स्वस्तात मिळते. उत्तर 'इथंच' असेल तर पाटी नसली तरी थांबा.

या रस्त्यावर ज्यासाठी थांबावंच असा पहिला मान गुऱ्हाळघरांचा. शहर सुटल्यापासून कळ्यापर्यंतच्या पट्ट्यात ती जास्त दिसतात. साळवणच्या पुढं ऊस कमी होत जातो, भात आणि नाचणी वाढते. गुऱ्हाळ शोधायला नकाशा लागत नाही. उसाच्या फडांमागून वर जाणारा धूर, अंगणात वाळत घातलेल्या चिपाडांचा पांढरा गालिचा आणि हवेतला करपट-गोड वास, यांतल्या दोन खुणा जुळल्या की इंडिकेटर द्यायचा. हंगाम साधारण दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात मुहूर्ताचे गूळ सौदे निघतात. पण त्या सुरुवातीच्या गुळाबद्दल थोडं सावध राहा. पंचगंगेच्या खोऱ्यात पावसाळ्यात पुराचं पाणी उसात उभं राहतं, आणि पुरात बुडालेल्या किंवा लोळलेल्या उसाचा गूळ खारट लागतो, नीट बसतही नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीचा गूळ सगळ्यात भरवशाचा: ऊस पक्व, हवा कोरडी, थंडीत रवाही, म्हणजे दाणाही, चांगला पडतो.

गुऱ्हाळावर पोचण्याची वेळ महत्त्वाची. काहिलीतल्या, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतल्या, एका भट्टीला इथं आदण म्हणतात. एका आदणात साधारण हजार-बाराशे लिटर रस पडतो, तो आटायला अडीच ते तीन तास लागतात, आणि त्यातून पावणेदोनशे-दोनशे किलो गूळ निघतो. तुम्ही नेमके मधल्या दीड तासात पोचलात तर उकळणारा रस आणि वाफ यापलीकडं काही दिसत नाही. म्हणून गाडीतून उतरल्या उतरल्या विचारायचं, "मामा, आदण कधी उतरणार?" उत्तर 'तासाभरानं' असेल तर पुढं जाऊन येताना या किंवा पुढचं गुऱ्हाळ बघा. 'आता उतरतंयच' असं ऐकलंत तर जागा सोडू नका.

काय बघायचं ते माहीत असलं की बघण्यात मजा येते. घाण्यातून निघालेला रस गाळून टाकीत जातो, तिथून काहिलीत. खाली चुलवाणात वाळलेलं चिपाड सतत ढकललं जातं. उसाचंच सरपण, त्यामुळे बाहेरून लाकूड फारसं लागत नाही. रस तापू लागला, उकळी फुटायच्या आत, वर काळपट मळी येते. इथं जंगली भेंडीचं काम. भेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळली की बुळबुळीत चिकट पाणी तयार होतं. ते रसात घातलं की बारीक कचरा त्याला धरून वर येतो आणि झाऱ्यानं काढून टाकता येतो. रसाची आंबटाई मारायला चुन्याची निवळी घालतात, त्यानं रवा चांगला पडतो. मात्र चुना जास्त झाला तर गूळ काळवंडतो. हे प्रमाण गुळव्याच्या हातात असतं. गुळव्या म्हणजे काहिलीवरचा शेवटचा शब्द. मालक शेजारी उभा असला तरी 'उतरवा' म्हणण्याचा अधिकार गुळव्याचा.

मळी काढल्यावर जाळ वाढवतात. फेस काठापर्यंत चढतो, तो बसवायला थोडंसं गोडं तेल शिंपडतात. १०४ ते १०६ अंश सेल्सिअसच्या आसपास रस काकवीच्या टप्प्याला येतो. काकवी हवी असेल तर ती इथंच काढून घेतात. त्यापुढं आटवत ११६ ते ११८ अंशांवर गूळ होतो. काही ठिकाणी थर्मामीटर असतो, पण बहुतेक गुळवे थंड पाण्यात थेंब टाकून बघतात. बोटांनी गोळी वळली आणि ती भांड्यावर आपटल्यावर टणक आवाज आला, की काहील उतरते. चार-पाच माणसं किंवा साखळीची कप्पी लावून ती वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, ओततात आणि खोऱ्यानं हलवत राहतात. घट्ट होऊ लागला की साच्यात भरतात. या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांसाठीच थांबायचं असतं.

वाफ्याच्या कडेचा कोमट गूळ मागितला तर देतात. सोबत शेंगदाणे किंवा ओल्या खोबऱ्याचा तुकडा ठेवलात तर उत्तम, ते इथं मिळेलच असं नाही. घाई करू नका. वरून घट्ट दिसणारा गूळ आतून बराच गरम असतो आणि चिकटल्यामुळे भाजलेली जागा जास्त होरपळते. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना काहिलीपासून चार हात लांब, हात धरून ठेवा. चुलवाणाचं तोंड जमिनीलगत असतं, वाफ्याचा काठ ठेंगणा असतो आणि खाली सांडलेल्या रसामुळे फरशी निसरडी असते. वाफ्याजवळ चप्पल बाहेर काढायची, हे सांगायची वेळ गुऱ्हाळवाल्यांवर येऊ देऊ नका. आणि चिपाडाच्या अंगणात विडी-सिगारेट अजिबात नाही. ते सुकं चिपाड म्हणजे त्यांचा सगळ्या हंगामाचा जाळ.

आता खरेदी. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारात कर्नाटकातला गूळ कोल्हापुरी म्हणून खपवला जातो ही इथली जुनी तक्रार आहे. गुऱ्हाळावरून घेतला की तो प्रश्न मिटतो. गुणवत्तेचा प्रश्न मात्र राहतो. गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ आवडतो, म्हणून काही ठिकाणी रसात हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकतात. रंग उजळतो, पण तो टिकत नाही. हवा लागली की काही आठवड्यांत तोच गूळ पुन्हा काळपट होतो. दुकानातला 'सोनेरी' गूळ घरी डब्यात रंग बदलतो तो बऱ्याचदा यामुळे. न उजळलेल्या गुळाचा रंग तांबूस-तपकिरीकडं झुकतो, आणि प्रत्येक आदणाचा थोडा वेगळा असतो. एकाच गुऱ्हाळावर शेजारी ठेवलेल्या दोन ढेपा वेगळ्या रंगाच्या दिसल्या तर ते चांगलं लक्षण समजा. सगळ्या ढेपा हुबेहूब फिकट पिवळ्या असतील तर विचारा.

दुसरी भेसळ साखरेची. साखर स्वस्त आणि गूळ महाग अशा दिवसांत रसात साखर ढकलण्याचा मोह होतो. असा गूळ तोडला की स्फटिकासारखा चमकतो, दाताखाली करकरतो, आणि गोडी एकदम येऊन लगेच संपते. चांगल्या गुळात गोडीच्या मागून किंचित खारट-तुरट चव येते आणि ती रेंगाळते. साखरेखेरीज दुसरी भेसळ ओळखायला, घरी आणल्यावर ग्लासभर कोमट पाण्यात खडा विरघळवून अर्धा तास ठेवा. थोडा गाळ हा उसाचा आणि चुन्याचा असतो, तो चालतो. तळाशी पांढरा पिठूळ थर बसला तर पुढच्या वेळी त्या दारात जाऊ नका.

'सेंद्रिय' हा शब्द इथं सैलपणे वापरतात. गुऱ्हाळावर कोणी सेंद्रिय म्हटलं की बहुधा त्याचा अर्थ 'रसात केमिकल घातलेलं नाही' एवढाच असतो. ऊस रासायनिक खतावर वाढलेला असू शकतो. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारा: हायड्रोस घालता का, आणि उसाला खत कुठलं. उत्तरं सरळ मिळतात, कारण लपवायला तिथं फारसं काही नसतं. बंद पाकिटावर सेंद्रिय लिहिलं असेल तर 'जैविक भारत'चं चिन्ह शोधा. ते नसेल तर त्या शब्दासाठी जादा पैसे देऊ नका.

उसाच्या जातीबद्दलही विचारून बघा, गप्पा रंगतात. को ९२००५ ही गुळासाठी नावाजलेली जात. को ८६०३२ सगळीकडं दिसते, पण तिचा बराचसा ऊस कारखान्याकडं जातो. ऊस कधी तोडला हेही तितकंच महत्त्वाचं. तोडल्यापासून दिवसभरात गाळला तर गूळ कडक बसतो. दोन-तीन दिवस पडून राहिलेल्या उसातल्या साखरेचं विघटन होतं आणि मग कितीही आटवला तरी गूळ मऊ, पाझरणारा राहतो. घाण्याशेजारच्या मोळीचे कापलेले टोक बघा. ते ओलसर, फिकट असेल तर ऊस ताजा. लालसर, सुकलेलं आणि आंबूस वासाचं असेल तर तिथं रससुद्धा पिऊ नका.

बाजारासाठीची पारंपरिक मोठी ढेप ३० किलोची, तिलाही रवाच म्हणतात. प्रवाशासाठी किलो, पाच किलो, दहा किलोच्या ढेपा असतात, आणि काही ठिकाणी मोदकाएवढे तुकडे. पाच किलोपेक्षा जास्त घ्यायचा असेल तर आधी घरच्या डब्याचा विचार करा. गूळ हवेतलं पाणी ओढतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत कागदात गुंडाळलेली ढेप पावसाळ्यात पाझरते आणि तिला बुरशी येते. जूनच्या आत फोडून, कोरड्या स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून ठेवला तर वर्ष निघतं. साच्यातून नुकताच काढलेला गरम गूळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणू नका. आत वाफ धरते आणि बाहेरचा थर चिकट होतो. तासभर उघडा ठेवून मग कापडात बांधा.

काकवी घेताना एकच गोष्ट बघायची, तिचा दाटपणा. बाटली तिरकी केल्यावर काकवी मधासारखी सावकाश सरकली पाहिजे. पातळ काकवी म्हणजे लवकर उतरवलेली. ती पंधरा दिवसांत आंबते, झाकण उडवते, आणि हे गाडीच्या डिकीत झालं तर डिकी धुवायला दिवस जातो. तळाशी खडे धरले तर घाबरू नका, ती साखर आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की विरघळते. घरून काचेची बरणी न्या. तिथं बऱ्याचदा वापरलेल्या पाण्याच्या बाटल्यांत भरून देतात आणि गरम काकवीनं त्या वाकड्या होतात.

ताजा रस बहुतेक ठिकाणी मागितला की मिळतो, कित्येकदा पैसेही घेत नाहीत. घाण्याखालून थेट घेतलेला, बर्फाशिवाय, लगेच प्यायचा. रस हवेत काळा पडायला आणि आंबायला वेळ लागत नाही, म्हणून बाटलीत भरून घाटाखाली न्यायचा विचार सोडून द्या. फुकट रस पिऊन निघून जाणारी गाडी मात्र लक्षात राहते. अर्धा किलो तरी गूळ घ्यावा. दर मार्केट यार्डाच्या घाऊक भावापेक्षा वर आणि शहरातल्या दुकानापेक्षा खाली असतो, घासाघीस करण्याएवढी फट त्यात नसते.

गुऱ्हाळांना पाचपैकी पाच. अर्धा गुण कापावा असं वाटतं तो फक्त स्वच्छतागृहासाठी, ते कुठंच धरून चालू नका.

साळवणच्या पुढं रस्ता कुंभी नदीच्या अंगानं चढत जातो आणि डोंगर जवळ येतात. असळज ओलांडलं की पळसंब्याकडं लक्ष ठेवा. इथली रामलिंगाची जागा बहुतेक गाड्या शेजारून निघून जातात म्हणून चुकते. गर्द झाडीतल्या ओढ्याच्या पात्रात सुट्या कातळांतून कोरलेली छोटी एकाश्म मंदिरं आहेत. डोंगराच्या पोटात खोदलेली लेणी राज्यात पुष्कळ आहेत. पाण्यात उभ्या असलेल्या अख्ख्या शिळेतून मंदिर काढणं मात्र क्वचित दिसतं. पायऱ्यांनी खाली उतरावं लागतं, सगळा थांबा तासाभराचा. जुलै-ऑगस्टमध्ये ओढा भरून वाहतो, तेव्हा पात्रात पाय ठेवायचा नाही. कातळावरचं शेवाळ दिवाळीपर्यंत ओलं असतं, रबरी तळाची चप्पल तिथं उपयोगाची नाही. चांगला काळ नोव्हेंबर ते मार्च, सकाळी दहाच्या सुमारास, म्हणजे झाडीतून ऊन खाली पोचतं. खायला-प्यायला काही नाही, आणि तेच बरं आहे.

गगनबावडा गाव उंचावर, ऐन सह्याद्रीच्या काठावर. वर्षाचा पाऊस पाच हजार मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे जून ते सप्टेंबर इथं धुकं आणि भजी हाच व्यवसाय. चहाच्या टपऱ्यांमध्ये डावं-उजवं फारसं नाही. कढई बघून ठरवा. तेल काळपट आणि कडेला फेस धरलेलं असेल, तर भजी कितीही गरम असली तरी घशाशी येणार. गर्दीच्या टपरीवर तेल लवकर संपतं आणि लवकर बदलतं, एवढाच गर्दीचा फायदा. ताटातली तयार भजी न घेता 'नवीन घाणा काढा' म्हणा, पाच मिनिटं थांबा. कांदाभजी घ्या. बटाट्याची भजी इथं बहुतेक वेळा जाड आणि मध्ये कच्ची निघते. वेळ असेल तर जवळच्या गगनगडावर जाऊन या. गगनगिरी महाराजांच्या मठामुळे वरपर्यंत वाट सोयीची आहे, आणि हवा स्वच्छ असेल तर कोकणाची उतरंड तिथून जेवढी दिसते तेवढी घाटातून दिसत नाही.

एप्रिलच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत गगनबावड्याच्या आसपास बायका आणि पोरं रानमेवा घेऊन रस्त्याकडेला बसतात. करवंदं, जांभळं, कधी तोरणं किंवा आळू. हा माल त्याच सकाळी रानातून तोडलेला असतो, म्हणून वरच्या कसोटीला पुरेपूर उतरतो. पानांच्या द्रोणातली करवंदं घेताना वरची बघून भागत नाही, तळाची बघा. काळी, किंचित मऊ ती पिकलेली. लालसर ती आंबट आणि चिकाळ, ओठांना चीक चिकटतो. लोणच्याला मात्र हिरवीच मागा. पिकलेली करवंदं गाडीच्या उन्हात तीन-चार तासांत फुटतात, म्हणून घाटाखाली राहायचं असेल तर जातानाच्या ऐवजी परतताना घ्या. इथं भाव करू नये. एका द्रोणामागं काट्यांचा किती ओरखडा असतो तो त्या हातांवर दिसतो.

मध मात्र सोडून द्या. रस्त्याकडेला बादलीत पोळं आणि त्यावर घोंगावणाऱ्या माश्या ठेवून समोर पिळून देणारे विक्रेते सगळ्याच घाटांत असतात. पोळं खरं असतं, बादलीतला द्रव बऱ्याचदा साखरेचा किंवा गुळाचा पाक. पाण्यात थेंब टाकणं, कागदावर ठेवणं, काडीनं पेटवणं, या तिन्ही परीक्षा दाट पाकसुद्धा पास होतो, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नका. मध हवाच असेल तर याच जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातलं पाटगाव 'मधाचं गाव' म्हणून विकसित झालंय, तिथून घ्या किंवा खादी मंडळाचा 'मधुबन' घ्या. रस्त्यावरच्या मधाला शून्य.

गगनबावड्याहून कोकणात दोन घाट उतरतात: करूळ वैभववाडीकडं आणि भुईबावडा खारेपाटणच्या बाजूला. नेहमीची वाट करूळची. पावसाळ्यात दोन्ही घाटांत दरडी येतात आणि वाहतूक एकीकडून दुसरीकडं वळवतात, म्हणून गगनबावड्यात चहा पिताना 'घाट चालू हाय न्हवं?' हे विचारून घेणं मोबाईलच्या नकाशापेक्षा भरवशाचं. घाटातल्या धबधब्यांखाली वळणावर गाडी उभी करणं हा या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट थांबा. वरून दगड, मागून ट्रक, आणि धुक्यात तुमचे पार्किंग लाइट कोणाला दिसत नाहीत. धबधबाच बघायचा असेल तर खाली उतरून वैभववाडीजवळ नापण्याला जा. तो बारमाही आहे, गाडी लावायला जागा आहे, आणि फेब्रुवारीतही पाणी असतं.

घाट उतरला की टपऱ्यांवरचा माल बदलतो: कोकम, आगळ, काजू, फणसपोळी, कुळथाचं पीठ. इथं आपली कसोटी जरा अवघड होते, कारण घरगुती आणि कारखान्यातलं एकाच फळीवर असतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कोकमात. देशावरचे लोक सोलकढीसाठी म्हणून कोकम सरबताची बाटली घेऊन जातात आणि घरी गोड कढी होते. सरबतात साखर असते, आगळ म्हणजे कोकमाचा मिठातला रस, त्यात साखर नसते. सोलकढीला आगळ किंवा आमसुलं. आगळ चांगलं खारट असतं, दोन-तीन चमचे एका ग्लासाला पुरतात आणि वर मीठ घालायचं नसतं. रंग खरा आहे का हे बघायला चमचाभर आगळात चिमूटभर खायचा सोडा टाका. कोकमाचा नैसर्गिक लाल रंग लगेच निळसर-करडा होतो. लाल तसाच राहिला तर तो बाटलीतला रंग. आमसुलं घेताना मऊ, चामट, काळपट-जांभळी बघा. कोकमाच्या सालींना त्यांच्याच रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवलेलं असलं की ती मऊ राहतात. एकदाच वाळवलेली कडक आणि फिकट होतात, आणि आमटीत दुप्पट लागतात. वरचं पांढरं मिठाचं असतं, पण केसाळ दिसलं तर बुरशी. कोकम एप्रिल-मेमध्ये पिकतं, त्यामुळे जूनमध्ये घेतलेला माल नवा आणि मार्चमधला वर्षाचा.

ओले काजूगर फेब्रुवारी ते एप्रिल, शेकड्यानं मोजून मिळतात. सोललेलेच घ्या. बिया घरी आणून सोलायच्या उत्साहात टरफलातल्या चिकानं हाताची कातडी जाते. सोललेले गर त्याच दिवशी वापरा किंवा फ्रीझरमध्ये टाका. सुक्या काजूच्या पाकिटावर डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असं लिहिलेलं असतं, तो एका पौंडात बसणाऱ्या काजूंचा आकडा, म्हणजे आकडा लहान तर काजू मोठा. मोठा काजू चवीला चांगला असतोच असं नाही. सालीसकट भाजलेला गावठी काजू आकारानं बारीक असतो आणि या रस्त्यावर घेण्यासारखा तोच. मात्र पाकीट फोडून एक खाऊन बघा. पावसाळ्यानंतर खवट माल बराच निघतो, आणि खवट काजू भाजूनही सुधारत नाही.

फणसपोळी आणि आंबापोळी टपरीवर घेऊ नका, त्या जवळजवळ कायम बाहेरून आलेल्या आणि साखरेनं जड असतात. कुळथाचं पीठ घ्या, पण वास घेऊन. भाजलेल्या कुळथाचा खमंग वास नसेल तर त्याची पिठी बेचव होते.

परतीबद्दल थोडं. कारखाने चालू असताना नोव्हेंबर ते मार्च संध्याकाळी सहानंतर हा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा असतो. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर रस्त्याच्या रुंदीएवढा ऊस, आणि मागचा लाल दिवा असलाच तर उसात झाकलेला. ओलांडताना दुसरी ट्रॉली धरून लांबी मोजा. पहिली ओलांडली की रस्ता मोकळा झाला असं समजून आत घुसणाऱ्या गाड्याच अडकतात. चढावर ट्रॉलीच्या अगदी मागं राहू नका, मोळ्या घसरतात. गगनबावडा ते साळवण या टप्प्यात तिन्हीसांजेला गवे रस्ता ओलांडतात. एक दिसला तर थांबा, मागं आणखी असतात, आणि हॉर्न वाजवू नका. पावसाळ्यात कुंभीचं पाणी चढलं की मांडुकली, लोंघे, खोकुर्ले इथं रस्ता बुडतो. पाणी किती खोल आहे हे पुढच्या गाडीवरून ठरवू नका, पुढची गाडी बहुतेक एसटी असते आणि तिची चाकं तुमच्या बॉनेटएवढी असतात. पेट्रोल कोल्हापुरातच भरून निघा, सुटे पैसे ठेवा. घाटात मोबाईलची रेंज जाते-येते, द्रोणवाल्या मावशीकडं क्यूआर कोड असला तरी पैसे पोचतीलच असं नाही.